१२०० अंशांना टिकलेला कूपन ८०० ला आधी का तुटतो?

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. विचारणारे पुण्यात एम.टेक. करतायत. त्यांच्याकडे सिलिकॉन कार्बाइड फायबर आणि सिलिकॉन कार्बाइड मॅट्रिक्स (फायबरभोवतीचा भराव) यांच्या कंपोझिटचे कूपन, म्हणजे टेस्टसाठी कापलेले नमुने, आहेत. विणलेलं कापड ०/९०, म्हणजे धागे एकमेकांना काटकोनात, असं रचलेलं, फायबरवर बोरॉन नायट्राइडचं कोटिंग, आणि मॅट्रिक्स वितळलेलं सिलिकॉन आत जिरवून केलेलं. फटीग टेस्ट (पुन्हा पुन्हा ताण देऊन थकवणारी) ओढ-ओढ प्रकारची: कमाल ताण २०० मेगापास्कल, आर (किमान आणि कमाल ताणाचं गुणोत्तर) ०.१, १ हर्ट्झ (सेकंदाला एक सायकल), साधी हवा. खोलीच्या तापमानाला १ लाख सायकल झाल्या तरी कूपन शाबूत. १२०० अंश सेल्सिअसला तुटले, पण बऱ्यापैकी चालून. ८०० चे दोन्ही कूपन मात्र त्याच्याही आधी गेले. गाइड म्हणतात थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) तपासा, ८०० चा आकडा दोन्हींच्या मधे पडायला हवा. सहा कूपन उरलेत, मानकांचंही विचारलंय. आणि यांचा मुख्य प्रश्न: दोन टोकांमधून रेघ ओढून ८०० चं आयुष्य काढलं तर चालेल का?

चालणार नाही. थर्मोकपल जरूर तपासा, पण तुमचा डेटा बहुधा बरोबर आहे. या जातीच्या कंपोझिटमध्ये साधारण ६०० ते ९०० अंशांचा पट्टा बदनामच आहे. धातूंची सवय असलेल्या माणसाला तापमान वाढलं की आयुष्य कमी, एवढं एकच गणित ठाऊक असतं. इथे तापमानासोबत तुटण्याची पद्धतच बदलते, त्यामुळे २५ आणि १२०० ला तुम्ही मोजलेले दोन आकडे ही दोन वेगळ्या गोष्टींची मोजमापं आहेत. त्यांच्यामधून रेघ ओढायला काही आधारच नाही.

पण तुमच्या पोस्टमध्ये सगळ्यात महत्त्वाचा आकडा राहिलाय. या पॅनेलमध्ये मॅट्रिक्सला तडे जायला किती ताणाला सुरुवात होते? ताण-विकृतीचा (विकृती म्हणजे ओढल्यावर लांबीत होणारी वाढ) आलेख सरळ रेषा सोडतो तो बिंदू, प्रपोर्शनल लिमिट. वितळलेलं सिलिकॉन जिरवलेल्या चांगल्या मालात तो साधारण १५० ते १८० मेगापास्कलच्या आसपास सापडतो. पॅनेल, विणकाम आणि फायबरचं प्रमाण बदललं की हलतो. तुमचे २०० बहुतेक त्याच्या वर आहेत. म्हणजे पहिल्याच सायकलला मॅट्रिक्सला आडवे तडे गेले आणि पुढची सगळी टेस्ट तडे गेलेल्या मालावर झाली. हे चूक नाही, पण माहीत असायला हवं. लिमिटच्या खाली ८०० ला टेस्ट केली असती तर कदाचित काहीच घडलं नसतं आणि तुम्ही हा प्रश्न विचारलाही नसता.

तडा गेल्यावरही हे कंपोझिट तुटत नाही ते फायबरमुळे. फाटलेल्या कापडाच्या दोन कडा गोधडीच्या टाक्यांनी धरून ठेवाव्यात तसे फायबर तड्याच्या दोन काठांना धरून असतात. हे फायबर जेमतेम १० ते १५ मायक्रॉन जाडीचे. त्यांच्याभोवतीचं बोरॉन नायट्राइडचं कोटिंग मुद्दाम कमकुवत ठेवलेलं असतं. मॅट्रिक्समधून धावत आलेला तडा फायबरपाशी आला की कोटिंगमध्ये वळतो, फायबर मॅट्रिक्सपासून सुटतो, थोडा घसरतो, पण तुटत नाही. या मालाची सगळी चिवट वागणूक त्या पातळ थरावर अवलंबून आहे. म्हणून कुठल्याही तापमानाला फटीगचा विचार करताना मी स्वतःला आधी हेच विचारतो, की या तापमानाला, या हवेत, इतक्या वेळात त्या थराचं काय होतंय?

खोलीच्या तापमानाला फार काही होत नाही. दर सायकलला फायबर खोबणीत पुढेमागे घासतो, थर झिजतो, घर्षण कमी होतं. हिस्टेरेसिस लूप (लोड चढता-उतरतानाच्या दोन वाटांमधला फास) आधी रुंदावतो, मग हळूहळू बदलायचा थांबतो. मॉड्युलस (ताठरपणा) सुरुवातीला घसरून एका पातळीवर बसतो. त्यानंतर कूपन लाखो सायकल निवांत चालतो. इथे फक्त एका गोष्टीची काळजी घ्यायची. टेस्ट लवकर आटपावी म्हणून फ्रिक्वेन्सी खूप वाढवली, तर त्या घर्षणानेच कूपन तापतो. मग टेस्ट खोलीच्या तापमानाची उरत नाही, आणि झीजही वाढते. १ हर्ट्झला तुम्हाला ती चिंता नाही.

आता ८०० अंश. तडा उघडा आहे, त्यातून हवा थेट फायबरच्या कोटिंगपर्यंत पोचते. बोरॉन नायट्राइड ऑक्सिजनशी मिळून बोरॉन ऑक्साइड होतं, आणि ते ४५० अंशांच्या आसपासच वितळतं, म्हणजे ८०० ला ते द्रवच असतं. हा द्रव शेजारच्या सिलिकॉन कार्बाइडवर तयार होणारी सिलिका (सिलिकॉनचं ऑक्साइड) विरघळवत राहतो, त्यामुळे तिथलं ऑक्सिडेशन कोरड्या सिलिकॉन कार्बाइडपेक्षा वेगाने चालतं. मधे बोरोसिलिकेट काच साचते. ज्या जागेत फायबर मोकळेपणाने सरकायला हवा होता, तिथे तो काचेने मॅट्रिक्सला आणि शेजारच्या फायबरला चिकटतो. मग गटातला सगळ्यात कमजोर फायबर तुटला की त्याचा भार सगळ्यांत वाटला जात नाही, चिकटलेल्या शेजाऱ्यावर एकदम येतो. तो तुटतो, मग त्याच्या शेजारचा. सगळा पट्टा ठिसूळ मालासारखा आडवा चिरत जातो.

त्यात पाण्याची वाफ आली की आणखी वाईट. बोरॉन ऑक्साइड वाफेशी मिळून वायू होऊन उडून जातं, जागा रिकामी होते, आणि ऑक्सिजनला आत जायला नवी वाट मिळते. तुम्ही 'साधी हवा' लिहिलंय. पुण्यातली एप्रिलमधली दुपारची हवा आणि जुलैमधली हवा यांत आर्द्रतेचा किती फरक असतो ते तुम्हाला सांगायला नको. कूपन कोणत्या महिन्यात लावले, लॅबमध्ये एसी होता का, हे नोंदवहीत असेल तर बघा. नसेल तर इथून पुढे खोलीचं तापमान आणि आर्द्रता रोज लिहून ठेवा. इंजिनातल्या जळलेल्या वायूत तर ५ ते १० टक्के वाफ असतेच.

हे माझ्या शब्दावर घेऊ नका, तुटलेला कूपन बघा. ८०० चा तुकडा हातात घेऊन साध्या भिंगाने तोंड तपासा. एका कडेपासून, बहुतेक वेळा मशीन केलेल्या बाजूच्या कडेपासून, आत जाणारा एक सपाट, जरा काळसर पट्टा दिसेल. तिथे फायबर मॅट्रिक्सच्या पातळीवरच कापल्यासारखे तुटलेले असतात, बोट फिरवलं तर गुळगुळीत लागतं. हा भाग काही तास हळूहळू तुटत होता. उरलेल्या भागात फायबर ब्रशच्या केसांसारखे बाहेर आलेले दिसतील. तो शेवटच्या क्षणी, उरलेल्या क्षेत्रफळाला भार पेलला नाही म्हणून, एकदम गेला. एसइएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) सपाट भागावर जा. फायबरभोवती जिथे कोटिंगचं कडं हवं तिथे काच भरलेली दिसेल, कधी दोन-तीन फायबर एकाच काचेत अडकलेले. ब्रशच्या भागात फायबरभोवती फट स्वच्छ असेल. खोलीच्या तापमानाला साधं टेन्साइल करून, म्हणजे एकदाच ओढून, तोडलेला कूपन शेजारी ठेवून फोटो काढा. गाइडना आलेखापेक्षा तो फोटो लवकर पटेल.

मग १२०० ला आधी का नाही तुटला? कारण तिथे सिलिका झपाट्याने बनते. तड्याच्या तोंडाशीच ती साचते आणि ऑक्सिजन खोलवर पोचायच्या आत वाट बुजते किंवा निदान अरुंद होते. काच मऊ असल्यामुळे चिकटलेल्या फायबरवरचा स्थानिक ताणही थोडा सैलावतो. ८०० ला कोटिंग जाण्याइतकं तापमान आहे, पण तडा बुजवण्याइतकी सिलिका वेळेत होत नाही. दोन्हीकडून वाईट अशी ती जागा. कोटिंग कार्बनचं असतं तर गोष्ट आणखी उघड झाली असती. कार्बन ५०० अंशांच्या आसपासपासूनच जळून वायू होतो आणि फायबरभोवती पोकळ नळी उरते. थर पातळ असेल तर वरच्या तापमानाला सिलिका ती नळी लवकर बुजवते, मधल्या तापमानाला ती उघडीच राहते.

याचा अर्थ १२०० सुरक्षित आहे असा घेऊ नका. तिथे रांगणं, म्हणजे क्रीप, सुरू होतं. फायबर आणि मॅट्रिक्स वेगवेगळ्या वेगाने रांगतात. ज्याचा वेग जास्त तो आपला भार दुसऱ्यावर टाकतो. फायबर जास्त रांगले तर भार मॅट्रिक्सवर सरकतो, आणि सुरुवातीला तडा न गेलेल्या कूपनला काही तासांनी तडे जाऊ शकतात. म्हणून खोलीच्या तापमानाला मोजलेलं प्रपोर्शनल लिमिट १२०० च्या आलेखावर आडवी रेघ म्हणून मारू नये. फायबरचा प्रकारही इथे फार फरक पाडतो. जपानमध्ये तोहोकु विद्यापीठात सेइशी याजिमांनी १९७५ च्या सुमारास पॉलिमरपासून सिलिकॉन कार्बाइड फायबर काढायची जी वाट शोधली, तिच्यातून आलेल्या पहिल्या पिढीच्या निकॅलॉन फायबरमध्ये ऑक्सिजन बराच असतो आणि या तापमानाला तो ढासळायला लागतो. हाय-निकॅलॉन टाइप एस मध्ये ऑक्सिजन अगदी कमी आणि सिलिकॉन-कार्बनचं प्रमाण जवळपास बरोबरीचं, म्हणून तो बराच जास्त टिकतो. तुमच्या पॅनेलमध्ये कोणता आहे, हे पुरवठादाराच्या कागदावर असेल. मॅट्रिक्समध्ये उरलेलं मोकळं सिलिकॉन १४१४ ला वितळतं, म्हणून अशा मालाची वापरायची मर्यादा १३०० च्या थोडी वर धरतात.

आता ज्या मुद्द्यावर बहुतेक प्रबंध घसरतात तो. तुम्ही आडव्या अक्षावर सायकल टाकल्यात. खोलीच्या तापमानाला ते ठीक आहे, तिथे नुकसान घासण्याने होतं आणि घासणं सायकलनुसार मोजलं जातं. ८०० आणि १२०० ला मुख्य नुकसान रसायनाचं आणि रांगण्याचं आहे, आणि ते घड्याळावर चालतं. १ लाख सायकल १० हर्ट्झला पावणेतीन तासांत होतात, १ हर्ट्झला जवळपास २८ तासांत, ०.१ हर्ट्झला साडेअकरा दिवस लागतात. सायकलचा आकडा एकच, पण तिसऱ्या कूपनने पहिल्याच्या शंभरपट वेळ ऑक्सिजन खाल्लाय. त्यामुळे ८०० ला '१० हर्ट्झवर १ लाख सायकल टिकला' याचा मला फक्त 'तीन तास टिकला' एवढाच अर्थ लागतो. तुमचा तोच डेटा एकदा तासांच्या अक्षावर काढून बघा. शिवाय दर सायकलला तडा उघडतो-मिटतो, हवा आत-बाहेर करतो, अर्धवट बुजलेली काच पुन्हा फोडतो. म्हणून सायकलचा वाटा शून्य नसतो. तो किती, हे फक्त त्याच कमाल ताणावर स्थिर लोड धरून केलेली टेस्ट सांगू शकते. दोन्ही जवळपास तेवढ्याच तासांत तुटले तर घड्याळ दोषी. फटीगचा खूप आधी तुटला तर सायकलही भागीदार.

ऑक्साइड फायबरच्या कंपोझिटमध्येही वेळेचा हाच हिशेब दिसतो, जरी तिथे जळण्यासारखं काही नसतं. नेक्स्टेल ७२० या ऑक्साइड फायबर आणि ॲल्युमिना मॅट्रिक्सच्या मालावर अमेरिकन हवाई दलाच्या ओहायोतल्या तंत्रसंस्थेने बरंच काम केलंय. १२०० अंशांना हवेत, १ हर्ट्झला, हा माल सुमारे १७० मेगापास्कलवर १ लाख सायकल काढतो. त्या तापमानाच्या ताकदीच्या हा जवळपास ८८ टक्के, म्हणजे वरकरणी फटीग नाहीच म्हणा ना. तीच टेस्ट वाफेत केली की आकडा चांगलाच खाली येतो, आणि फ्रिक्वेन्सी जितकी कमी तितका जास्त खाली. पण या मालाची गोष्ट तुमच्या मालाला लावू नका. तिथे मॅट्रिक्स मुद्दाम सच्छिद्र ठेवलेलं असतं, ८०० चा खड्डा असा नसतो, खरी भीती वरच्या टोकाला फायबर रांगण्याची.

कार्बन फायबर आणि सिलिकॉन कार्बाइड मॅट्रिक्सचं आणखी निराळं. बनवून थंड करतानाच त्याच्या मॅट्रिक्सला तडे जातात, कारण दोघांचं आकुंचन जुळत नाही. तापवत नेलं की तडे मिटत जातात आणि बनवण्याच्या तापमानाजवळ जवळपास बंद होतात. मधल्या तापमानाला तडे उघडे आणि कार्बन जळायला तयार, म्हणून तिथेही मधला पट्टाच वाईट. रॉकेटवाल्यांना हे चालतं. इस्रोने २०२४ मध्ये पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्यासाठी कार्बन-कार्बन नोझल जाहीर केलं, त्यावरही ऑक्सिडेशन रोखायला सिलिकॉन कार्बाइडचं कोटिंग आहे. पण त्याचं आयुष्य मिनिटांत मोजायचं, विमानाच्या इंजिनातल्या भागाचं हजारो तासांत.

ज्या इंजिनात हा माल खरोखर उडतोय, तिथे काय करतात हेही सांगतो. सीएफएमचं लीप इंजिन २०१६ पासून प्रवासी सेवेत आहे. आपल्याकडे इंडिगोच्या कित्येक ए३२०निओवर आणि अकासाच्या ७३७ मॅक्सवर तेच आहे. त्याच्या हाय-प्रेशर टर्बाइनच्या पहिल्या टप्प्याचे श्राउड सिलिकॉन कार्बाइड कंपोझिटचे आहेत. हा फिरणारा भाग नाही, पात्यांच्या टोकांभोवतीचं स्थिर कडं आहे, आणि ही निवड विचारपूर्वक आहे. अशा भागांवरचा ताण मॅट्रिक्सला तडा जाण्याच्या बऱ्याच खाली ठेवायचा, हा संकल्पनेचा पाया. वरून सिलिकॉनचा एक थर आणि त्यावर यटर्बियमसारख्या धातूच्या सिलिकेटचा थर देतात, कारण गरम वाफ सिलिकाही वायू करून उडवते आणि उघडा माल हळूहळू पातळ होत जातो. म्हणजे तुम्ही २०० ला जी टेस्ट केली ती 'भाग किती दिवस चालेल' याचं उत्तर देत नाही. 'एखादा खडा आपटून किंवा अचानक जास्त लोड येऊन तडा गेलाच, तर पुढे किती वेळ हातात आहे' याचं उत्तर देते. दुसरा प्रश्नही तितकाच कामाचा आहे, फक्त प्रबंधात तो त्याच नावाने लिहा.

एक गोष्ट तुमच्या १२०० च्या कूपनबद्दल विचारायची राहिली: तो नेमका कुठे तुटला? ग्रिप (कूपन धरणाऱ्या पकडी) पाण्याने थंड केलेल्या, मधला भाग १२०० ला. म्हणजे भट्टीच्या तोंडापाशी कूपनचा कुठला तरी भाग ७००-९०० च्या पट्ट्यात होताच. १२०० ची प्रत्येक टेस्ट आपल्या पोटात ८०० ची टेस्ट घेऊन चालते. कूपन डॉगबोन आकाराचा (टोकांना रुंद, मधे अरुंद) असेल तर तिथे रुंदी जास्त, ताण कमी, म्हणून तो भाग वाचतो. सरळ पट्टी असेल तर बरेचदा तिथेच तुटतो आणि लोक त्याला '१२०० चं आयुष्य' म्हणून छापतात. कूपनच्या लांबीवर पाच-सहा जागी तापमान मोजून एक नकाशा काढा, आणि तुटण्याची जागा त्यावर खूण करा. वरच्या तापमानाला प्लॅटिनमचं थर्मोकपल वापरत असाल तर ते कूपनला थेट टेकवू नका. प्लॅटिनम सिलिकॉनशी मिळून खराब होतं, वाचन सरकतं आणि कूपनवरही डाग पडतो. मधे ॲल्युमिनाची पातळ नळी ठेवा.

तुमच्याकडे सहा कूपन उरलेत म्हणता. माझ्याकडे असते तर मी सगळे ८०० वरच खर्च केले असते. एक आधी सावकाश ओढून अकौस्टिक एमिशनने (तडे जातानाचे आवाज सेन्सरने ऐकून) पहिले मोठे आवाज कुठे येतात ते पकडायचं. भट्टीमुळे सेन्सर लांब, थंड भागात लावावे लागतात, पण जमतं. तुमच्या मालात मोकळं सिलिकॉन वीज वाहतं, त्यामुळे दोन टोकांतला रोधही मोजता येईल. तडे पडले की तो चढतो, आणि हे यंत्र स्वस्त आहे. दुसरा त्या बिंदूच्या १० टक्के खाली फटीगला लावायचा. तो टिकला तर तुमचं मुख्य म्हणणं तिथेच सिद्ध होतं. तिसरा २०० वर स्थिर लोड, वर सांगितलं तसा. चौथ्याच्या मशीन केलेल्या कडांवर सिलिकॉन कार्बाइडचा थर देता आला तर द्यायचा आणि २०० लाच फटीग करायचं. कापलेल्या कडेवर कोटिंगची टोकं उघडी असतात, ऑक्सिजनला तीच सोपी दारं, आणि ती बंद केल्यावर आयुष्य किती वाढतं यावरून भागाचं आणि कूपनचं नातं कळतं. पाचवा, तुटण्याच्या निम्म्या वेळाला थांबवून, थंड करून, खोलीच्या तापमानाला ओढून किती ताकद उरली ते बघायची. सहावा हाताशी ठेवा, काहीतरी बिघडतंच. आरगॉनची (ऑक्सिडेशन न करणाऱ्या वायूची) सोय कुठे मिळाली तर मात्र सहावा त्यात घाला. ८०० ला आरगॉनमध्ये २०० वर कूपन मजेत चालला, तर गाइडचा थर्मोकपलचा संशय एका टेस्टमध्ये संपेल.

मानकांचं विचारलं होतं. एएसटीएम या अमेरिकन मानकसंस्थेचा फटीगचा मानक, सी १३६०, खोलीच्या तापमानापुरताच आहे. तापलेल्या टेन्साइलसाठी सी १३५९ आहे, क्रीपसाठी सी १३३७. तिन्हींमधून घेऊन पद्धत तुम्हालाच लिहावी लागेल. त्यात फ्रिक्वेन्सी, लोड वर-खाली होण्याच्या लाटेचा आकार, आर्द्रता, कडांची स्थिती आणि तापमानाचा नकाशा हे पाच तपशील असले पाहिजेत. प्रपोर्शनल लिमिटचा आकडा आणि ८०० च्या तुटलेल्या तोंडाचा फोटो मिळाला की इथेच टाका. सपाट पट्टा कडेपासून सुरू झालाय की मधूनच, एवढं दिसलं तरी पुढचं नेमकं बोलता येईल.